परदेशी शिक्षक-प्रशिक्षणासाठी अर्ज: माध्यमिक शिक्षकांसाठी पहिल्या कागदापासून परत रुजू होईपर्यंत

आठवी ते बारावीला शिकवणाऱ्या कितीतरी शिक्षकांचा पक्का समज असतो की परदेशी शिष्यवृत्त्या प्राध्यापकांसाठी किंवा मोठ्या शहरांतल्या इंग्रजी शाळांसाठी असतात. म्हणून ते जाहिरात वाचतच नाहीत. प्रत्यक्षात शाळेत रोज तास घेणाऱ्या शिक्षकांसाठीच आखलेले कार्यक्रम आहेत. त्यांचा विमानखर्च, राहणं, जेवण, फी असं सगळं कार्यक्रमाकडून मिळतं आणि अर्जाला शुल्क नसतं. तालुक्याच्या गावातल्या अनुदानित शाळेतल्या शिक्षकालाही तिथे तितकाच हक्क आहे. अडतं ते दोनच ठिकाणी: रजेच्या फायलीत आणि अर्जातल्या निबंधात. या लेखात त्या दोन गोष्टींवर जास्त वेळ देणार आहे.

आधी योजना ओळखा

पहिली आणि आपल्याकडच्या माध्यमिक शिक्षकाला सर्वात जवळची योजना म्हणजे फुलब्राइट टीचिंग एक्सलन्स अँड अचिव्हमेंट, सगळे तिला थोडक्यात 'टी' म्हणतात. फुलब्राइट कार्यक्रम अमेरिकेत 1946 मध्ये सुरू झाला. भारताशी त्याचा करार 2 फेब्रुवारी 1950 रोजी झाला. भारतातलं काम यूएसआयईएफ, म्हणजे युनायटेड स्टेट्स-इंडिया एज्युकेशनल फाउंडेशन पाहते. मुख्य कार्यालय दिल्लीत असलं तरी मुंबईतही त्यांचं विभागीय कार्यालय आहे. 'टी' साधारण सहा आठवड्यांचा असतो. वेगवेगळ्या देशांतले वीसेक शिक्षक एका अमेरिकी विद्यापीठात एकत्र राहतात, अध्यापनपद्धती आणि तंत्रज्ञानाची सत्रं करतात, आणि किमान 40 तास जवळच्या माध्यमिक शाळेत एका अमेरिकी शिक्षकाच्या वर्गात घालवतात. पूर्णवेळ नोकरी, पदवी आणि किमान पाच वर्षांचा अनुभव लागतो. विषय इंग्रजी, समाजशास्त्रं, गणित, विज्ञान किंवा विशेष शिक्षण यांपैकी हवा. निव्वळ मराठी किंवा हिंदी शिकवणाऱ्यांना यात जागा नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण अनेक शाळांत एकच शिक्षक मराठीबरोबर इतिहास-भूगोलही घेतो. तुमच्या वेळापत्रकात तसं असेल तर त्या विषयाच्या आधारे विचार करा.

दुसरी योजना फुलब्राइट डिस्टिंग्विश्ड अवॉर्ड्स इन टीचिंग. ही एका सत्राची, म्हणजे काही महिन्यांची असते. विद्यापीठातले अभ्यासक्रम, शाळाभेटी आणि स्वतःचा एक शोध-प्रकल्प असं तिचं स्वरूप आहे. प्राथमिक शिक्षकही तिला अर्ज करू शकतात.

तिसरी जपानची. जपानचं शिक्षण मंत्रालय 1980 पासून परदेशी शालेय शिक्षकांसाठी शिक्षक-प्रशिक्षण शिष्यवृत्ती देतं. वय 35 च्या आत हवं आणि अनुभव पाच वर्षांचा. मुदत दीड वर्षाची: ऑक्टोबरमध्ये जायचं आणि पुढच्याच्या पुढच्या मार्चमध्ये परतायचं. पहिले सुमारे सहा महिने जपानी भाषा, मग एखाद्या विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागात संशोधन आणि शाळांचं निरीक्षण. टोकियो गाकुगेई, हिरोशिमा, नारुतो अशी या कामात मुरलेली विद्यापीठं आहेत. दरमहा 1,43,000 येन विद्यावेतन, शिकवणी फी माफ, जाण्या-येण्याचं विमान. भारतातून अर्ज दिल्लीच्या जपानी दूतावासामार्फत जातो; कागदपत्रांची छाननी, भाषेची लेखी परीक्षा आणि मुलाखत होते. शेवटी प्रमाणपत्र मिळतं, पदवी नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. तिशीच्या आसपासच्या, गणित किंवा विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकाने ही संधी सोडू नये असं माझं ठाम मत आहे. तिथे शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात, एकजण तो घेतो, बाकीचे वर्गात उभे राहून मुलं काय करताहेत ते टिपतात आणि नंतर सगळे मिळून पाठाची चिरफाड करतात. ही 'ज्युग्यो केंक्यू' पद्धत आपल्या स्टाफरूममध्ये एका पैशाच्या खर्चाविना सुरू करता येते.

जर्मन शिकवणाऱ्यांनी गोएथे इन्स्टिट्यूटकडे, म्हणजे पुण्या-मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनाकडे चौकशी करावी. आणि लगेच बाहेर जाणं शक्य नसेल तर आयअर्नसारख्या जाळ्यातून वर्गाला दुसऱ्या देशातल्या वर्गाशी जोडून घ्या. 1988 मध्ये न्यूयॉर्क आणि मॉस्कोच्या शाळांपासून ते काम सुरू झालं. अर्जात लिहायला तो अनुभव सोन्यासारखा ठरतो.

एक इशारा. व्हॉट्सअ‍ॅपच्या शिक्षक-गटांत 'आंतरराष्ट्रीय शिक्षक पुरस्कार' आणि 'ग्लोबल परिषद' यांची पत्रकं फिरतात, खाली नोंदणी शुल्क आणि सहल-पॅकेजचा दर असतो. त्यात पैसे घालू नका. वर सांगितलेल्या सरकारी योजना अर्जासाठी एक रुपया घेत नाहीत.

दुसरी काळजी काळाची. सरकारी पैशावर चालणाऱ्या योजना बदलतात. 2025 च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने देवाणघेवाण कार्यक्रमांचा निधी काही काळ रोखून धरला होता. म्हणून यूएसआयईएफ आणि दूतावासाच्या अधिकृत पानावर त्या वर्षीची जाहिरात आली आहे का, पात्रता आणि मुदत तीच आहे का, हे पाहूनच पुढे जा. गेल्या वर्षी गेलेल्या मित्राचं ऐकून अर्ज भरू नका. आणि एकाच योजनेवर भिस्त ठेवू नका.

पासपोर्ट, नाव आणि रजा

जाहिरात येण्याआधी करायची ही कामं आहेत, कारण यातलं काहीच आठवड्याभरात होत नाही.

पासपोर्ट नसेल तर आजच अर्ज करा. जिल्हा परिषद, महापालिका किंवा शासकीय शाळेतले शिक्षक 'कार्यालयाची ना-हरकत मिळत नाही' म्हणून वर्षानुवर्षं थांबलेले असतात. पासपोर्टसाठी ना-हरकत प्रमाणपत्राऐवजी पूर्वसूचना पत्रही चालतं: आपण पासपोर्टसाठी अर्ज करत आहोत असं ठरावीक नमुन्यात कार्यालयाला कळवायचं आणि त्याची प्रत अर्जाला जोडायची. मात्र पासपोर्ट मिळाला म्हणजे परदेशी जाण्याची परवानगी मिळाली असं नाही. ती वेगळी घ्यावी लागते.

मग नाव. हे प्रकरण विशेषतः शिक्षिकांना फार छळतं. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव आडनाव आधी लिहून, पदवीवर तेच, सेवापुस्तकात सासरचं, आधारवर मधलं नाव गाळलेलं आणि बँकेत चौथंच. परदेशी संस्थेला ही चार माणसं वाटतात. सगळी कागदपत्रं एकदा टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि फरक लिहून काढा. विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि लागल्यास नावबदलाचं राजपत्र काढून घ्या. आणि एकदा ठरवा: पासपोर्टवर जे नाव आहे तेच, त्याच स्पेलिंगने, अर्जात, परीक्षेत आणि शिफारसपत्रात जाईल.

आता रजा. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना 2020 चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला आणि पुढे फुलब्राइटही. तरी त्यांच्या रजेचा प्रश्न जानेवारी 2022 मध्ये राज्यभर गाजला आणि अखेर तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांनी परवानगी देण्याच्या सूचना दिल्या. एवढा मोठा पुरस्कार पाठीशी असलेल्या शिक्षकाची ही गत, तर आपली फाइल आपोआप हलेल अशी आशा कुणी धरू नये.

म्हणून अर्ज करायच्या आधी मुख्याध्यापकांना भेटा. 'निवड झाली तर सांगेन' हे धोरण घातक आहे. 'टी'च्या अर्जाला शाळेच्या पाठिंब्याचं आणि रजेच्या तयारीचं पत्र लागतंच, ते ऐनवेळी मागितलं तर मुख्याध्यापक बिचकतात. अनुदानित शाळेत साखळी अशी असते: मुख्याध्यापक, संस्था, मग शिक्षणाधिकारी (माध्यमिक) कार्यालय. खाजगी शाळांना 1981 ची सेवाशर्ती नियमावली लागू आहे, तर शासकीय सेवेत महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981. सहा आठवड्यांसाठी शिल्लक अर्जित रजा पुरते का, दीड वर्षासाठी अध्ययन रजा मिळते की असाधारण रजा घ्यावी लागेल, त्या काळात वेतनवाढ आणि ज्येष्ठतेचं काय, हे लिपिकाकडे बसून सेवापुस्तक उघडून विचारा. जे उत्तर मिळेल ते लेखी घ्या. प्रत्येक पत्राची पोच आवक क्रमांकासह ठेवा.

पत्रासोबत एक पान जोडा: 'माझ्या अनुपस्थितीतलं नियोजन'. 'टी'च्या तुकड्या साधारण जानेवारी ते मार्च आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात पडतात. पहिली वेळ दहावी-बारावीच्या प्रात्यक्षिक आणि बोर्डाच्या परीक्षेवर येते, दुसरी प्रथम सत्र परीक्षेवर. दोन्ही शक्यता धरून मांडणी करा: कोणता भाग जाण्याआधी जादा तास घेऊन संपवाल, कोणते सहकारी तास घेतील, अंतर्गत गुण कोण भरेल. त्या सहकाऱ्यांना आधी विचारा आणि त्यांची सही त्या पानावर घ्या. संस्थाचालकांची निम्मी नाराजी या एका पानाने मावळते. दहावीच्या मुलांचं नुकसान होणार नाही हे त्यांना दिसायला हवं, आणि ती त्यांची रास्त चिंता आहे.

निबंध: वर्गातला एकच प्रश्न घ्या

इथेच बहुतेक चांगले शिक्षक मागे पडतात. वीस वर्षं मनापासून शिकवलेलं असतं, पण लिहिताना हात सेवापुस्तकाकडे जातो: अमुक प्रशिक्षण, तमुक समिती, इतके टक्के निकाल. निवड करणाऱ्यांना तुमचा वर्ग पाहायचा असतो.

समजा विज्ञानाच्या शिक्षकाने असं लिहिलं: 'मी विद्यार्थीकेंद्रित, कृतियुक्त अध्यापन करतो. या कार्यक्रमातून नवीन तंत्रं शिकून मी माझ्या विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास करेन.' हे हजारो अर्जांत असतं. आता तोच शिक्षक असं लिहितो: 'नववीत धारा विद्युत शिकवून झाल्यावर ओहमचा नियम वर्गातली जवळजवळ सगळी मुलं घडाघडा म्हणतात. पण तार दुप्पट लांब केली तर विद्युतधारा वाढेल की कमी होईल, असं विचारलं की वर्ग गप्प होतो. प्रयोगशाळेत चालू स्थितीतले अ‍ॅमीटर दोन, मुलं साठ. मी पाच गट करून आळीपाळीने मोजमाप करून घेतलं. मोजणाऱ्या मुलांना समजलं, वाट पाहणाऱ्यांना नाही. थोड्या साहित्यात साठही मुलांना आधी अंदाज बांधायला आणि मग तपासायला कसं लावायचं, हे मला शिकायचं आहे.'

दुसऱ्या उताऱ्यात एकही मोठा शब्द नाही. पण शिक्षक दिसतो, मुलं दिसतात, त्याने काय करून पाहिलं आणि ते कुठे अडलं तेही दिसतं. शिवाय प्रशिक्षणातून काय हवं ते इतकं नेमकं आहे की वाचणाऱ्याला तो गेल्यावर काय करेल याचा अंदाज येतो. अडचण लिहायला संकोच करू नका. फक्त तक्रारीवर थांबू नका: साधनं नाहीत, पालक लक्ष देत नाहीत, एवढंच लिहिलं तर अर्ज तिथेच संपतो. अडचणीशी तुम्ही काय केलंत तेही लिहा.

लिहिण्याची पद्धत सुचवतो. आधी मराठीत लिहा, वर्गात बोलता तसं. एखाद्या तासाला मुलांनी दिलेली चुकीची उत्तरं वहीत टिपून ठेवा. निबंधाचा कच्चा माल तोच. मग इंग्रजीत स्वतः लिहा, छोटी वाक्यं ठेवून. शब्दमर्यादा पाळा. इंग्रजीच्या सहकाऱ्याला व्याकरण तपासायला द्या, पण त्याला वाक्यं 'सजवू' देऊ नका. संगणकाकडून अख्खा निबंध लिहून घेण्याचा मोह टाळा. मुलाखतीत त्याच निबंधावर प्रश्न येतात आणि आपलं नसलेलं वाक्य तिथे लगेच उघडं पडतं.

परतल्यावर काय करणार, या प्रश्नाला 'संपूर्ण जिल्ह्यात क्रांती घडवेन' असं लिहू नका. तालुक्याच्या विज्ञान शिक्षक संघाच्या बैठकीत दोन सत्रं घेईन, शेजारच्या तीन शाळांतल्या शिक्षकांना माझ्या वर्गात बोलावेन, एवढं लिहा, पण करणार असाल तेच.

इंग्रजी, शिफारस, मुलाखत

मराठी माध्यमातल्या शिक्षकांची सगळ्यात मोठी भीती इंग्रजीची. 'टी'साठी अपेक्षित पातळी टोफेल या इंग्रजी चाचणीच्या जुन्या कागदी परीक्षेतल्या 450 गुणांच्या आसपास राहिली आहे. ही मध्यम पातळी आहे. साहित्याचं इंग्रजी कुणी मागत नाही. वाचन आपलं बरं असतं, ऐकणं आणि बोलणं कच्चं. रोज अर्धा तास अमेरिकी शिक्षकांची वर्गातली चित्रफीत ऐका आणि स्वतःचा एक पाठ मोबाइलवर इंग्रजीत बोलून ध्वनिमुद्रित करा. तीन-चार महिने नेमाने केलंत तर फरक तुम्हाला स्वतःला ऐकू येईल.

शिफारसपत्राच्या बाबतीत मुख्याध्यापकांवर सगळं सोडू नका. त्यांच्याकडे नमुना असतो: 'सदर शिक्षक कर्तव्यदक्ष व चारित्र्यवान आहेत.' त्यांना एका पानावर मुद्दे लिहून द्या: कोणता उपक्रम, कोणत्या वर्गात, त्यांनी स्वतः काय पाहिलं. पत्र त्यांनीच लिहावं, पण हाताशी खरे प्रसंग असावेत.

मुलाखतीत बहुधा तुमच्या निबंधातूनच प्रश्न निघतात. 'कळलं नाही, पुन्हा विचाराल का' असं म्हणायला कचरू नका.

निवड झाल्यावर

अमेरिकेसाठी जे-1, म्हणजे देवाणघेवाण कार्यक्रमांसाठीचा व्हिसा लागतो. कार्यक्रमाकडून डीएस-2019 नावाचं पत्रक येतं. त्यावरचं नाव आणि जन्मतारीख पासपोर्टशी अक्षर-अक्षर जुळवून पाहा, चूक असेल तर त्याच दिवशी कळवा. मग डीएस-160 हा ऑनलाइन अर्ज आणि मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वाणिज्य दूतावासात मुलाखत. अमेरिकी सरकारच्या पैशावरच्या कार्यक्रमात व्हिसा शुल्क आपल्याला भरावं लागत नाही. एक अट नीट समजून घ्या: अशा जे-1 नंतर मायदेशात एकूण दोन वर्षं राहिल्याशिवाय अमेरिकेत नोकरीचा एच व्हिसा किंवा कायम वास्तव्य मिळत नाही. पर्यटक म्हणून जायला ती आड येत नाही. कुटुंबाचा खर्च कार्यक्रम देत नाही.

मधुमेह, रक्तदाब, थायरॉइडची औषधं पूर्ण मुदतीची, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवा. जानेवारीची तुकडी असेल तर उत्तरेकडच्या राज्यांत बर्फ असतो. आपल्याकडचा स्वेटर तिथे पुरत नाही, पण जाड कोट शक्यतो तिथेच घ्या.

तिथल्या वर्गात

विद्यापीठातली सत्रं चांगली असतात, पण खरी शिदोरी त्या 40 तासांत आहे. माध्यमिक शाळेत तिथे खोली शिक्षकाची असते आणि मुलं तासागणिक वर्ग बदलतात. म्हणून भिंतीवर, कपाटांत, फळ्याच्या कोपऱ्यात त्या विषयाचं सगळं मांडलेलं असतं. ते पाहून भारावून जाण्याआधी वहीत लिहा: शिक्षिकेने प्रश्न विचारल्यावर किती सेकंद वाट पाहिली, चुकीच्या उत्तराला काय म्हणाली, मागच्या बाकावरच्या मुलाकडे कधी गेली. या गोष्टींना पैसे लागत नाहीत, म्हणून याच आपल्याकडे टिकतात. महागड्या पडद्याचे फोटो काढून आणलेत तर परत आल्यावर फक्त हळहळ होईल. आणि फोटोंचं म्हणाल तर तिथल्या मुलांचे फोटो परवानगीशिवाय काढू नका, समाजमाध्यमावर तर मुळीच टाकू नका. तिथल्या शाळा याबाबत फार कडक असतात.

तुम्हालाही एखादा पाठ घ्यायला मिळतो. ताजमहाल, योग आणि बॉलिवूडची चित्रं दाखवून वेळ संपवू नका. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर घ्या: बेसाल्ट खडकात उल्कापाताने झालेलं, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं विवर. नकाशा आणि खडकाची माहिती द्या, आणि हे ज्वालामुखीमुळे झालं की आघातामुळे, हे मुलांना पुराव्यावरून ठरवू द्या. मुलं विचार करतात, आणि महाराष्ट्राची ओळख न सांगता होते.

वेगवेगळ्या देशांतून आलेल्या सहकारी शिक्षकांसोबत स्वयंपाक करा, गप्पा मारा. साठ मुलांच्या वर्गाचा प्रश्न अमेरिकी प्राध्यापकापेक्षा केनिया किंवा बांगलादेशातल्या शिक्षकाला जास्त कळतो, आणि त्याच्याकडे बहुधा उपायही असतो.

रुजू झाल्यावर

पहिल्या दिवशी रुजू अहवाल द्या आणि रजेच्या मंजुरी आदेशाची नोंद सेवापुस्तकात झाल्याची खात्री स्वतः पाहून करा. परतलेल्या शिक्षकांना छोट्या प्रकल्पांसाठी अनुदानाच्या संधी येतात, त्या जाहिराती पाहत राहा. सत्काराची निमंत्रणं येतील. ती घ्या, पण त्या आधी ज्या सहकाऱ्यांनी तुमचे तास सांभाळले त्यांच्यासोबत बसा. त्यांच्यापैकी एकाला तुमच्या नववीच्या तासाला मागे बसवा आणि मुलं काय करताहेत ते टिपायला सांगा. पुढच्या आठवड्यात तुम्ही त्यांच्या तासाला जा. महिनाभराने त्यातली निरीक्षणं तालुक्याच्या विषय शिक्षकांच्या बैठकीत मांडा, आणि पुढच्या वर्षीची जाहिरात येईल तेव्हा त्याच सहकाऱ्याच्या हातात ती द्या, तुमच्या रजेच्या फायलीच्या झेरॉक्ससह.